बालवाडीत ठोकळे रचायला मलाच लई मजा येते, अजून कोणाला येते का?

तापीकाठची: मी जळगावला बालवाडीत शिकवते. पोरं घरी गेली की लाकडी ठोकळे आवरायचे असतात, पण आवरता आवरता मी आमच्या जिल्ह्यातल्या फरकांडे गावच्या झुलत्या मनोऱ्यांसारखं काहीतरी रचत बसते, दोन्हीकडून एकेक ठोकळा हळूच पुढे सरकवत कमान जुळवायची, त्यात डोक्यातला दिवसभराचा कलकलाट बंद होतो. कमान टिकवायची काही युक्ती?

धुळेकर: भारी ताई! सगळ्यात वरचा ठोकळा निम्मा, त्याखालचा पाव, त्याखालचा सहावा हिस्सा पुढे काढला की तोल अगदी काठावर येतो, म्हणून जरा कमीच काढा अन् मागच्या टोकावर वजन ठेवा.

भुसावळची मावशी: फ्रोबेल नावाच्या शिक्षणतज्ज्ञानं १८३७ला जर्मनीत लहान मुलांची शाळा काढली तेव्हापासून ठोकळे शिक्षणातच आहेत, त्याच्या एका पेटीत आठ घन असायचे, आणि अमेरिकेतला नामी वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइट लहानपणी त्याच ठोकळ्यांशी खेळलेला. बिनधास्त रचा!

धुळेकर: हो, आणि एखादा मनोरा सकाळपर्यंत तसाच राहू द्या, पोरं बघून स्वतः रचायला लागतील.

तापीकाठची: उद्याच ठेवते भो, फोटो पण टाकते.