जुन्या ईमेलची वेबपेजं करायचीयत कोडने, पण मराठी सगळी फुटतेय

डिचोलीकार:
नमस्कार मंडळी. आमच्या वाड्यावरच्या नाट्यमंडळाचे २००६ ते २०१२ चे मेल आहेत, कोणाला कुठली भूमिका, तालीम कोणाच्या अंगणात, मुंबईहून नि दुबईहून आलेली वर्गणी, पडद्याच्या रंगावरून झालेली भांडणं, सगळं आलं त्यात. जीमेलमधून टेकआउट केलं (गूगलची आपला डेटा उतरवून घ्यायची सोय) तर सगळे मेल एकाखाली एक असलेली एकच भलीमोठी एमबॉक्स फाइल हातात आली. प्रत्येक मेलचं साधं एचटीएमएल पान करून मंडळाच्या साइटवर टाकायचंय, चवथीच्या आधी झालं तर बरं, तेव्हा बाहेरचे पण सगळे गावात असतात.

पायथन थोडंफार येतं. फाइल उघडली, प्रत्येक मेलच्या सुरुवातीला असतो तो फ्रॉम दिसला की तोडायचं आणि नवीन ओळ आली की बीआर टॅग लावायचा, एवढंच तर आहे असं वाटलेलं. आता काही मेल नीट येतात, काहींत =ई०=ए४=एई असल्या रांगाच्या रांगा, काहींत नुसता इंग्रजी अक्षरांचा पट्टा, विषयाच्या ओळीत प्रश्नचिन्हं नि यूटीएफ-८ लिहून येतं. एक मेल तर मधोमध तुटून दोन झाले, कारण कोणीतरी इंग्रजीत "फ्रॉम म्हापसा, बस ॲट सिक्स" असं लिहिलेलं 😅 बरोबरच्या (=) चिन्हांसाठी रेजेक्स (मजकुरातला ठरावीक नमुना शोधून बदलणारा कोड) लिहिला, अर्धा चालतो अर्धा नाही. काय चुकतंय?

पर्वरीचो_पायथन:
अरे आधी तो रेजेक्स फेकून दे. मेल म्हणजे साधा टेक्स्ट नव्हे, पाकिटात पाकीट असतं. मेलची जुनी यंत्रणा सात बिटांची, म्हणजे इंग्रजी अक्षरंच सुखरूप पोचायची, म्हणून बाकी सगळं क्वोटेड-प्रिंटेबल नाहीतर बेस६४ मध्ये गुंडाळून पाठवतात. तुझा तो लांब पट्टा बेस६४ चा. आणि =ई०=ए४=एई म्हणजे एकटा "म", यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत) देवनागरी अक्षराला ३ बाइट लागतात, दर बाइटला ३ चिन्हं, म्हणजे एका म ला ९. वर ओळ ७६ चिन्हांच्या पुढे न्यायची नाही असा नियम, त्यामुळे ओळीच्या शेवटी नुसतं = टाकून पुढे चालू करतात आणि एखादं अक्षर दोन ओळींत चिरलं जातं. तू ओळ-ओळ घेऊन रेजेक्स चालवतोस, अर्धाच चालणार.

पायथनमध्ये मेलबॉक्स आणि ईमेल ही दोन मॉड्यूल आयतीच आहेत. एमबॉक्स मेलबॉक्सने उघड, एकेका मेलचे बाइट घे, ते मेसेज-फ्रॉम-बाइट्सला दे आणि पॉलिसी (मेल कसा वाचायचा त्याचे नियम) म्हणून डीफॉल्ट नावाची पॉलिसी मुद्दाम दे. नावात डीफॉल्ट असलं तरी न दिल्यास ती लागत नाही, जुनीच लागते, मी स्वतः यात एक अख्खी रात्र घालवलीय. ती दिलीस की विषयाची ओळ आपोआप मराठीत येते. मग गेट-बॉडीला सांग आधी एचटीएमएल बघ, नसेल तर प्लेन, कारण बहुतेक मेलमध्ये तोच मजकूर दोन रूपांत असतो आणि दोन्ही छापलेस तर सगळं दोनदा दिसेल. त्याच्यावर गेट-कंटेंट, की उलगडलेला मजकूर हातात.

फ्रॉमचं म्हणशील तर नीट बनवलेल्या एमबॉक्समध्ये मजकुरातल्या तसल्या ओळीपुढे > हे चिन्ह लावलेलं असतं, ते नंतर काढायचं. मेलबॉक्स मॉड्यूल ओळीच्या सुरुवातीचाच फ्रॉम बघतं, तू मधलेपण तोडत असणार.

आणि प्लेन मजकूर असेल तर आधी एचटीएमएल-एस्केप (कोनी कंसांसारखी चिन्हं ब्राउझरला टॅग वाटू नयेत अशी बदलणं), मग बीआर. उलटं केलंस तर पानावर बीआर अक्षरशः छापून येईल, आणि एस्केप केलंच नाहीस तर कोनी कंसातले ईमेल पत्ते गायब, ब्राउझर त्यांना टॅग समजून गिळतो.

डिचोलीकार:
देव बरें करूं! काल पावसाने दोनदा वीज गेली तरी बसून केलं, ऐंशी टक्के मेल झकास. एका मेलने कुठलंतरी भलतंच कॅरेक्टरसेट (अक्षरांची कोडपद्धत) सांगितलेलं, तिथे अख्खा प्रोग्राम आडवा पडला, मग ट्राय (चूक आली तरी कोड पुढे चालू ठेवायची सोय) घालून तसले मेल वेगळ्या फोल्डरात ढकलले. पण आमच्या मास्तरांचे २००७ चे सगळे मेल अजून इंग्रजी अक्षरांचा चिवडाच. ते तर मराठीतच लिहायचे, मला आठवतंय, स्क्रीनवर मराठी दिसायची.

डीटीपीवाली_म्हापसा:
हे एन्कोडिंगचं नव्हे हो, फॉन्टचं आहे. तेव्हा युनिकोड, म्हणजे मराठी अक्षराला स्वतःचा कोड असलेली पद्धत, कोण वापरत होतं? शिवाजी, कृतिदेव असल्या फॉन्टात आत इंग्रजी अक्षरंच असायची, वर फक्त चित्र मराठीचं. लग्नपत्रिका करून करून माझी त्यातच हयात गेली. मास्तरांच्या मेलचा एचटीएमएल भाग उघडून बघा, फॉन्ट टॅगमध्ये फेस म्हणून नाव सापडेल. प्लेन भाग घेतलात तर ते नावच हरवतं आणि मग कुठला फॉन्ट होता ते अंदाजाने शोधत बसा.

प्रत्येक फॉन्टचा नकाशा (कुठल्या इंग्रजी अक्षराला कुठलं मराठी) वेगळा, एकाचा दुसऱ्याला चालत नाही. नुसतं अक्षराला अक्षर बदलूनही भागत नाही, तिथे ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करायची, युनिकोडात ती नंतर येते. रफार बरोबर उलटा, आम्ही अक्षर मारून मग रफार मारायचो, युनिकोडात र आधी. म्हणजे जागा बदलायच्या, त्यात जोडाक्षर असलं की अजून गंमत. आणि त्या टॅगच्या आतलाच मजकूर बदला, नाहीतर खालची इंग्रजी सहीसुद्धा "मराठी" होऊन बसेल 😂

पर्वरीचो_पायथन:
हे मला सुचलंच नसतं, बाई. डिचोलीकारा, मग क्रम सांभाळ. आलेलं एचटीएमएल जसंच्या तसं साइटवर चढवायचं नाही, त्यात स्क्रिप्ट असू शकतात, कोणी मेल उघडला ते कळवणारी १ पिक्सेलची चित्रं असतात, गाळणी लागतेच. गाळणीची ब्लीच ही पायथन लायब्ररी २०२३ मध्येच कालबाह्य जाहीर झालीय, तिच्याऐवजी एनएच३ घे. पण गाळणीत फॉन्ट टॅग गेला तर मास्तर गेले, म्हणून फॉन्टचं काम आधी. फोटोंचंही तसंच, मजकुरात चिकटवलेल्या फोटोचा पत्ता सीआयडी म्हणून असतो, तो भाग कंटेंट-आयडीवरून शोधून फाइल सेव्ह कर आणि पत्ता बदल, मगच गाळ. कंटेंट-आयडी कोनी कंसात असतो, पत्त्यात कंस नसतो, जुळत नाही म्हणून रडू नकोस.

तारखा पण बघ, दुबईवाल्यांचे +०४००, आपले +०५३०. टेक्स्ट म्हणून क्रम लावलास तर उत्तर आधी आणि प्रश्न मागाहून.

साखळीकार:
कोडातलं मला ओ की ठो कळत नाही, पण ती पडद्याची भांडणं नावानिशी टाकणार काय? फोन नंबर, घरचे पत्ते, कोणी किती वर्गणी दिली ते? निदान ज्यांचे मेल आहेत त्यांना विचारा तरी.

डिचोलीकार:
बरोबर बोललात. फोन नि ईमेल पत्ते झाकून टाकतो, वर्गणीचे मेल बाहेरच ठेवतो. भांडणांचं चवथीला सगळे जमले की विचारीन, बहुतेक तेव्हाच परत सुरू होतील. मूळ एमबॉक्सला हात लावलेला नाही, दोन पेनड्राइव्हवर आहे. मास्तरांचा फॉन्ट शिवाजी निघाला. ताई, तुमच्याकडे त्याचा नकाशा असेल का?

डीटीपीवाली_म्हापसा:
डोक्यात आहे. रविवारी बसून लिहून काढते, जोडाक्षरांना वेळ लागेल.