गवती चहाचा अर्क काढायच्या भांड्याचे सांधे कशाने बंद करायचे? सगळीकडून वाफ गळतेय

घोडबंदर_गच्ची:
नमस्कार मंडळी, ठाण्यात घोडबंदर रोडला राहते. मुरबाडच्या बाजूला सासऱ्यांची थोडी जमीन आहे, तिथे बांधावर लावलेला गवती चहा यंदा एवढा माजलाय की चहात टाकून संपायचा नाही, म्हणून त्याचा अर्क आणि थोडं तेल निघतं का बघायचं ठरवलं. आंघोळीच्या पाण्यात, लादी पुसायला, मच्छरांसाठी पोरांच्या हातापायाला, एवढाच उपयोग. सासूबाईंचा १५ लिटरचा तांब्याचा हंडा घेतला, त्यावर बसेल असं स्टीलचं झाकण शोधलं, झाकणाला मधोमध भोक पाडून तीन सुताचा तांब्याचा पाइप खोचला आणि तो प्लास्टिकच्या पारदर्शक नळीने बादलीतल्या कॉइलला (वाफ गार व्हायच्या वेटोळ्या पाइपला) जोडला. पाइप आणि झाकणाच्या फटीत एम-सील भरलं, हंड्याच्या काठाला सायकलच्या ट्यूबची रिंग कापून बसवली. गॅसवर ठेवल्यावर वीसेक मिनिटांतच एम-सील मऊ पडलं, काठातून फुसफुस सुरू झाली, म्हणून झाकण तारेने आवळलं आणि वर पाटा ठेवला. तर ती प्लास्टिकची नळी लोण्यासारखी मऊ होऊन सटकली आणि वाफ थेट माझ्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत लाल झालंय. जो काही पेलाभर अर्क निघाला त्याला गवती चहाचा कमी आणि पंक्चरच्या दुकानाचा वास जास्त. हार्डवेअरवाला म्हणतो साध्या सोल्डरने डाग मारून घ्या. मारू का? पोरांच्या अंगाला लागणारी गोष्ट आहे म्हणून विचारून करतेय.

जुना_फिटर_रबाळे:
ताई, आधी हात. भाजल्यावर लगेच नळाच्या गार वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरायचा असतो, टूथपेस्ट हळद काही नाही, फोड आला असेल तर फोडू नका आणि डॉक्टरला दाखवा.

आता पाटा. तो पाटा परत त्या झाकणावर कधीही ठेवू नका, हे मी अगदी हात जोडून सांगतोय. मी ३१ वर्षं बेलापूर पट्टीत कंपन्यांमध्ये वाफेच्या लाइनींवर काम केलंय. तुमची नळी सटकली म्हणून तुमचा हातच भाजला, ती सटकली नसती आणि पाल्याचा एखादा तुकडा पाइपच्या तोंडाशी अडकला असता तर झाकण पाट्यासकट उडालं असतं. कुकरला शिट्टी असते, त्याखाली सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, तुमच्या हंड्याला दोन्ही नाही. म्हणून अर्काच्या भांड्यात वाफेची वाट भांड्यापासून बाटलीपर्यंत कायम उघडी पाहिजे, मध्ये नळ नको, कॉक नको, आणि झाकणाचा सांधा मुद्दाम सगळ्यात कच्चा ठेवायचा. पाइपचे सांधे पक्के, झाकणाचा कच्चा. काही तुंबलंच तर झाकण अलगद उचललं जाऊन वाफ निघून जाईल एवढाच त्याचा जोर असावा.

त्यासाठी कणकेसारखी गोष्ट नाही. साधी गव्हाची कणीक, पोळीपेक्षा घट्ट मळा, बोटाएवढी जाड वळी करून हंड्याच्या काठावर फिरवा आणि झाकण वरून दाबून बसवा, दम बिर्याणीला लावतात तसंच. गरम झाली की वाळून कडक होते. कुठे तडकून वाफ यायला लागली तर गॅस बारीक करून लांब हँडलच्या उलथण्याने तिथे पातळ कणीक थापा. तांदळाचं पीठ नको, त्याला चिकटपणा नाही, लगेच भेगा जातात. सायकलची ट्यूब आजच फेकून द्या, गवती चहाचं तेल रबराला फुगवतं, रबर मऊ पडतं आणि त्याचा वास अर्कात उतरतो, तुम्हाला आला तो तोच वास. प्लास्टिकच्या नळीचंही तसंच. एम-सील वाईट नाही, पण ते गळक्या पाइपला आणि टाकीला लावायचं, उकळत्या वाफेवर आणि तेही अंगाला लावायच्या गोष्टीला नाही.

साध्या सोल्डरला तर साफ नाही म्हणा. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचा तो ६०-४० सोल्डर म्हणजे ६० भाग कथील आणि ४० भाग शिसं. शिसं दिसत नाही, वास नाही, चव नाही, आणि लहान पोरांना सगळ्यात वाईट. सोल्डरच करायचा तर शिसं नसलेला, कथील आणि तांब्याचा मागा, पिण्याच्या पाण्याच्या तांब्याच्या लाइनीला वापरतात तो. प्लंबर सफेदा लावून धागा गुंडाळतात तोही इथे नको, जुन्या पद्धतीच्या सफेद्यात शिसं असू शकतं. आट्यांवर टेफ्लॉन टेप पुरे, ती २६० डिग्रीपर्यंत टिकते आणि आपली वाफ १०० च्या पुढे जातच नाही.

एसीवाला_कोपरखैरणे:
काकांनी सगळं बरोबर सांगितलंय, पाइपचं मी सांगतो, माझं रोजचं काम आहे. ताई, तुम्हाला डाग मारायची गरजच नाही, फ्लेअर जोड करा. एसीच्या आत-बाहेरच्या युनिटला आम्ही जो पितळी नट लावतो तोच. पाइपचं तोंड फ्लेअरिंग टूलने कर्ण्यासारखं पसरवायचं, ते पितळी कनेक्टरच्या उतारावर बसतं आणि नट आवळला की धातूवर धातू, मध्ये ना रबर ना टेप ना सोल्डर. महत्त्वाचं म्हणजे पान्याने उघडून धुता येतो, अर्काच्या भांड्याला ते लागणारच. झाकणाला एक पितळी टँक निपल (बाहेरून आटे असलेला आखूड नळीचा तुकडा) टाका, दोन्ही बाजूंनी चेकनट (आवळायचा पातळ नट) आणि टेफ्लॉनचा वॉशर, त्यावर एका बाजूला आटे आणि दुसऱ्या बाजूला फ्लेअर असलेला कनेक्टर. प्लास्टिकच्या नळीच्या जागी दोन्ही बाजूंना फ्लेअरवाला युनियन, म्हणजे दोन पाइप जोडायचा जोड.

नवीन माणूस दोन चुका हमखास करतो. एक, नट पाइपवर घालायच्या आधीच तोंड पसरवतो, मग नट आत जातच नाही आणि कापून परत करावं लागतं. दुसरी, हॅकसॉने कापतो, कडेला कुसळं राहतात आणि फ्लेअरला चीर जाते. पाइप कटरने कापा, आतली कड घासून काढा, फ्लेअरला खायच्या तेलाचा एक थेंब लावा, मशीनचं ऑइल नाही. आवळताना दोन पाने, एकाने धरायचं एकाने फिरवायचं, नाहीतर पाइप पिळला जातो.

आणि कुणी ब्रेझिंग (रॉड वितळवून पक्का जोड) करून देतो म्हणाला तर लक्षात असू द्या, आमचा तांबं-फॉस्फरसचा रॉड तांब्याला तांबं जोडायला एक नंबर, फ्लक्सही लागत नाही, पण तुमच्या स्टीलच्या झाकणावर तो जोड ठिसूळ होतो, हलवलं की तुटतो. म्हणून तिथे निपलच. चांदीचा रॉड वापरणार असेल तर कॅडमियम नसलेला आहे का ते पाकिटावर वाचून घ्या.

कॉइलबद्दल एक, वरपासून खालपर्यंत सलग उतार पाहिजे, मध्ये कुठे पोट पडलं की तिथे पाणी साचतं आणि वाफ गचके देत येते. वाकवताना पाइपमध्ये बारीक मीठ गच्च भरून तोंडं बंद केली तर चेपत नाही, नंतर पाण्याने मीठ निघून जातं.

कळवा_अत्तर:
कनौजला अत्तरवाले अजून तांब्याच्या डेगेचं झाकण माती आणि कापसाने लिंपतात, वाफ बांबूच्या नळीतून पाण्यात बसवलेल्या भपक्यात, म्हणजे अर्क गोळा व्हायच्या भांड्यात जाते. मी तिथे उभं राहून बघितलंय, लिंपणारा माणूस बोट फिरवत फिरवत पूर्ण काठाचा एक फेरा मारतो आणि मग कान लावून ऐकतो. त्यांनीही कुठे सिमेंट लावलेलं नाही, रोज फोडायचं आणि रोज लिंपायचं. तुमची कणीक म्हणजे तेच.

डोंगरीपाडा९:
हेच भांडं दारूला चालेल का? गोव्यात काजूची फेणी घरोघरी काढतात, मग आपल्याकडे काय प्रॉब्लेम आहे. सांधे असेच करायचे ना

जुना_फिटर_रबाळे:
नाही दादा, आणि कसे करायचे हेही मी सांगणार नाही. गोव्यातली फेणी परवान्याने निघते. आपल्याकडे महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ चा, त्याच्या कलम ६५ मध्ये परवान्याशिवाय दारू गाळणंच नाही तर त्या हेतूने भट्टीचं सामान बाळगणं हाही गुन्हा आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी सांगतो. पाण्याची वाफ गळली तर हात भाजतो, दारूची वाफ गळली तर ती गॅसच्या शेगडीपर्यंत जाऊन पेटते. अल्कोहोल ७८ डिग्रीला उकळतं आणि त्याची वाफ हवेत साडेतीन टक्क्यांच्या आसपास झाली तरी ठिणगीला पुरते. बंद स्वयंपाकघरात, शेजारी सिलिंडर, वर तीन मजले माणसं. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, त्यात मिथेनॉल होतं, पिणाऱ्याला चवीवरून काही कळलं नाही. माझ्या एका सोबत्याचा भाऊ त्या आठवड्यात हॉस्पिटलात होता, वाचला पण डोळे गेले. हा विषय इथे नको. गवती चहाचं बोलू.

डोंगरीपाडा९:
ओके काका, समजलं. नाही करत.

वाशी_मोगरा:
माझा प्रश्न हंड्याच्या आतल्या कल्हईबद्दल. पाणी आटलं तर काय होतं? आमच्या घरी एकदा तांब्याचं पातेलं रिकामं तापलं आणि आत चकचकीत थेंब जमले होते.

जुना_फिटर_रबाळे:
ती कल्हईच वितळली, कथील २३२ डिग्रीला वितळतं. आत पाणी आहे तोपर्यंत भांडं १०० च्या फार वर जात नाही, पाणी संपलं की काही मिनिटांत जातं. म्हणून हंडा दोन तृतीयांशच्या वर भरायचा नाही आणि तळाशी चार बोटं पाणी उरलंच पाहिजे, तेवढ्यावर गॅस बंद. पाला पाण्यात बुडवू नका, मोदकपात्राची चाळणी आत ठेवून त्यावर ठेवा, मग तो उकळीबरोबर वर येऊन पाइपचं तोंड बंद करत नाही. कल्हई परत करून घेणार असाल तर कल्हईवाल्याला शुद्ध कथील म्हणून बजावून सांगा, स्वस्तात करणारे शिसं मिसळतात.

अजून एक राहिलं. पाइपचं खालचं टोक बाटलीतल्या अर्कात बुडलेलं नको, वर अधांतरी पाहिजे. गॅस बंद केला की हंडा गार होताना आतली हवा आकसते आणि बाटलीतलं सगळं परत ओढून घेतं. पहिली फेरी नुसत्या पाण्याची, निघेल ते ओतून द्या. गळती बघायला हात लावू नका, भोकाच्या अगदी तोंडाशी वाफ दिसतच नाही, पांढरं दिसतं ते पुढे जाऊन. गार स्टीलची ताटली चिमट्याने धरून सांध्याभोवती फिरवा, जिथे दव धरेल तिथे गळतंय.

घोडबंदर_गच्ची:
उशिरा लिहितेय, हात बरा झालाय, फक्त मनगटाशी थोडा डाग आहे. टँक निपल आणि कनेक्टर ठाणे स्टेशनजवळ मिळाले, फ्लेअर आमच्या सोसायटीत एसी सर्व्हिसला येणाऱ्या दादांनी दहा मिनिटांत करून दिले आणि पैसे घेतले नाहीत, अर्क द्या म्हणाले. नट आधी घालायचा हे मी त्यांना सांगायला गेले तर ते हसले.

रविवारी सकाळी नुसत्या पाण्याची फेरी केली. ताटली फिरवली तर निपलपाशी कोरडी, काठाला एका जागी दव धरलं, कणकेला केसाएवढी भेग होती, पातळ कणीक थापल्यावर थांबलं. मग अर्धा दिवस सावलीत कोमेजवलेला चार किलो पाला चाळणीवर भरला. पहिला थेंब पडला तेव्हा घरभर वास सुटला, खरा, हिरवा, लिंबासारखा, आणि रबर नाही काही नाही. दीड तासाने निमुळत्या बाटलीच्या मानेत वर पिवळसर तेलाचं करंगळीच्या नखाएवढं कडं आलं होतं. कमी आहे ना? झाकणाची कणीक नंतर खटकन एका तुकड्यात निघाली, सासूबाईंनी ती गाईला घालायला ठेवली पण मी तिला देऊ नका म्हटलं, तेल मुरलंय त्यात.

जुना_फिटर_रबाळे:
कमी नाही ताई. ताज्या पाल्यात हजारात तीन-चार भाग तेल असतं, म्हणजे चार किलोला सगळं निघालं तरी १२-१६ मिलीच्या आसपास, आणि घरच्या कॉइलमध्ये त्यातलं बरंचसं अर्कातच राहतं. पुढच्या वेळी बादलीतलं पाणी खालून सोडा आणि वरून जाऊ द्या, गरम झालेलं वरच असतं. आणि पोरांच्या अंगाला ते वरचं तेल तसंच नको, आग होते. खालचं पाणी लावा, तेही आधी मनगटावर बघून.

घोडबंदर_गच्ची:
हो काका, तेल वेगळं काढून ठेवलंय, काचेच्या बाटलीत. लिंबू-मिठाने हंडा घासून आता पालथा घातलाय, पुढच्या रविवारी वाळा आणतेय.