स्क्रीन काळी, पण दोष कार्डाचाच असेल असं नाही

'पडद्यावर काहीच येत नाही म्हणजे डिस्प्ले कार्ड गेलं, दुसरं शोधा' असा एक सल्ला मी वाचला; तो मला पटत नाही, निदान आयबीएम पीसी ५१५० या जुन्या संगणकाच्या बाबतीत तरी नाही. हे मशीन सुरू होताना आधी पहिल्या १६ केबी मेमरीची चाचणी घेतं आणि मगच डिस्प्ले कार्डाकडे वळतं. मेमरी चिप्सच्या त्या पहिल्या गटातली (बँकेतली) एक चिप जरी मेली असेल तरी ते तिथेच थांबतं. बीप नाही, कर्सर नाही. चांगलं कार्ड उगाच बदललं जातं, आणि आता ही कार्डं मिळतात कुठे?

त्याच सल्ल्यात पाच व्होल्टचा पुरवठा तपासायला सांगितलंय ते योग्यच, पण या मशीनच्या १६-६४ केबीच्या मुख्य बोर्डावर ४११६ प्रकारच्या मेमरी चिप्स असतात आणि त्यांना +५, +१२ आणि -५ असे तिन्ही व्होल्टेज लागतात. -५ नसताना मशीन चालू ठेवलंत तर धडधाकट चिप्सही जातात, म्हणून मीटर आधी तिथे लावा. माझ्याकडच्या बोर्डावर +१२ च्या लाइनवरचा टँटलम कपॅसिटर शॉर्ट झाला होता. तो बदलल्यावर पडदा उजळला आणि समोर '०८२० २०१' आलं. यातले २०१ म्हणजे मेमरीतला बिघाड, ०८ म्हणजे तिसरी बँक, २० म्हणजे बिट क्रमांक ५ ची चिप (बिटांची मोजणी शून्यापासून). ती सॉकेटमध्ये असते, सहज बदलता येते. पहिली बँक मात्र बोर्डाला सोल्डर केलेली असते, तिथे घाई करू नका.