मदत हवी आहे: 'माय' आणि 'माइन' मुलांच्या डोक्यात कसं बसवायचं?

सोलापुरात मराठी माध्यमाच्या सातवीच्या मुलांना इंग्रजी विशेषणं शिकवतोय. चादर आणि टॉवेल इथं घरोघरी, म्हणून उदाहरणं त्यांचीच घेतली. पांढरा टॉवेल, पांढरी चादर, पांढऱ्या चादरी. इंग्रजीत मात्र सगळीकडे 'व्हाइट'. 'व्हाइट्स टॉवेल्स' लिहिणाऱ्यांना आपलंच 'लाल' दाखवलं. लाल टॉवेल, लाल चादर, लाल चादरी, काहीच बदलत नाही. हे लगेच पटतं. (अपवाद धिस-धीज, दॅट-दोज, ते वेगळे पाठ करून घेतो.)

खरी अडचण सर्वनामाशी गाठ पडली की येते. मराठीत 'माझा टॉवेल' आणि 'हा टॉवेल माझा आहे', दोन्हीकडे 'माझा'च. म्हणून मुलं 'धिस टॉवेल इज माय' लिहितात. पुढे नाम असेल तर माय, नसेल तर माइन, हा नियम तोंडपाठ आहे, पण वहीत उतरत नाही. 'हिज' दोन्हीकडे तसंच राहतं, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो.

दुसरी चूक जास्त चिवट. 'त्याची बहीण'चं 'हर सिस्टर' होतं, कारण 'ची' बहिणीकडे बघून येतं आणि मुलं तेच स्त्रीलिंग इंग्रजीत नेतात. 'त्या' आणि 'ची' वेगळ्या रंगांत लिहून बघितलं, फळ्यावर जमतं, निबंधात परत तेच.

या दोन चुकांसाठी रोज दहा मिनिटांत होईल असा तोंडी सराव कुणी घेता का? वाक्यं कोणत्या क्रमानं देता? आधी माय-माइन पक्कं करावं की हिज-हर?