‘गांडू’: खरा संताप की नुसता थयथयाट?

टिवल्याबावल्या:
कौशिक मुखर्जी ऊर्फ ‘क्यू’ यांचा २०१० चा हा बंगाली सिनेमा एकदाचा पाहिला. (शिवी बंगालीतही तीच. नायकाला सगळे त्याच नावाने हाक मारतात, तेव्हा फुल्या टाकत बसत नाही.) कोलकात्यातला रिकामटेकडा पोरगा. आई आणि तिचा दासबाबू पलंगावर असताना हा जमिनीवरून रांगत जातो आणि दासबाबूच्या पाकिटातून पैसे मारतो. मग लॉटरी, स्मॅक आणि रॅपर व्हायचं स्वप्न. बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात पॅनोरामा विभागात गाजला, आपल्याकडे थेटरांत रीतसर लागलाच नाही, म्हणून एवढं वलय. ते काढलं तर हाती फारसं काही लागत नाही.

सत्यजित राय यांच्या ‘प्रतिद्वंद्वी’ सिनेमातला (१९७०) सिद्धार्थ आठवा. मुलाखतीत तो चांद्रमोहिमेपेक्षा व्हिएतनामी जनतेच्या झुंजीला मोठं म्हणतो, नोकरी हुकते. पुढे दुसऱ्या एका मुलाखतीत उमेदवारांना उकाड्यात ताटकळत ठेवतात, तेव्हा आत घुसून टेबल उलथवतो. त्याचा राग कुणावर, हे कळतं. इथला पोरगा नोकरी शोधतच नाही. मग चिडलाय कशावर?

कावळा:
दासबाबूला तुम्ही फार स्वस्तात सोडलंत. सायबर कॅफे त्याचा, आणि मायलेकरांचा संसार चालतो तोही त्याच्याच जिवावर. पोराला हे पक्कं ठाऊक आहे. चोरी करतो ती त्याच्याच खिशातून आणि वेळ काढायला जाऊन बसतो त्याच्याच कॅफेत. पळून जायला जागाच नाही! सिद्धार्थकडे निदान उलथवायला टेबल होतं.

आणि काळ बघा. बंगालात डावी आघाडी १९७७ पासून सत्तेत, सिनेमानंतर पुढच्याच वर्षी पडणार होती. पण पक्ष, मोर्चा, संप यातलं काहीही या पोराच्या आयुष्याला शिवत नाही. कोलकात्यावरच्या सिनेमात राजकारण इतकं गैरहजर असणं मला तरी सर्वांत धक्कादायक वाटलं. त्यापुढे नागडेपणा किरकोळ.

मंजिरी_क:
संताप खरा असेलही, पण तो निघतो कुणावर? आई म्हणजे पोराच्या लाजेचं कारण, एवढंच. कमलिका बॅनर्जींनी तिला थोडा जीव दिलाय, पण तो अभिनयातून, लिखाणात काही नाही. सगळा सिनेमा कृष्णधवल आणि रंग उमलतात कुठे, तर वेश्येबरोबरच्या प्रसंगात. बंडखोरी म्हणे! बाई बघायची नजर जुनीच, फक्त कॅमेरा नवा.

कावळा:
त्या पोराला रंग तेवढाच दिसतो. नजर त्याची आहे.

मंजिरी_क:
दिग्दर्शक स्वतः कॅमेरा घेऊन पडद्यावर येतो, हे विसरलात? मग ‘नजर पात्राची’ ही पळवाट त्याला कशी मिळेल?

हावड्याचा पाहुणा:
पोराच्या मित्राबद्दल, ‘रिक्षा’बद्दल, कुणीच बोलत नाहीये. ब्रूस लीचा भक्त, सायकलरिक्षा ओढणारा. त्याचंही खरं नाव नाही, धंद्यावरूनच हाक. त्या दोघांची मैत्री मला सिनेमातली सर्वांत जिवंत गोष्ट वाटते. बाकी शेवटाकडची नशेची गुंतागुंत कंटाळवाणी आहे, हे मान्य.

आणि गाणी! ‘फाइव्ह लिटल इंडियन्स’ या बँडचं संगीत एकदा हेडफोन लावून ऐकाच. ओळी पडद्यावर आदळतात तेव्हा हा पोरगा पहिल्यांदाच काहीतरी नेटाने करताना दिसतो. टिवल्याबावल्या, चिडलाय कशावर ते तिथे आहे. तुम्ही कथेत शोधताय.

टिवल्याबावल्या:
गाणी जोरदार आहेत, त्यावर वाद नाही. पण त्याचं स्वप्न काय, तर ‘एशियन डब फाउंडेशन’ या लंडनच्या बँडने आपल्याला ऐकावं. सिनेमाही आधी न्यूयॉर्क, मग बर्लिन. शिव्या गल्लीतल्या, पण टाळ्या हव्यात परदेशातल्या.

हावड्याचा पाहुणा:
सेन्सॉरच्या कात्रीखाली यातलं काय उरलं असतं, सांगा बघू. नाव तरी उरलं असतं का?

मंजिरी_क:
परदेशात नेला याबद्दल माझी तक्रार नाहीच. आईला एक धड प्रसंग द्यायला कुठल्या सेन्सॉरने अडवलं होतं?