आगरात आगगाडी: कोकणच्या पावसात टिकेल असा रूळ कसा घालावा?

निवसरची लेक

नमस्कार मंडळी. प्रश्न मोठा आहे, पण आधीचं थोडं सांगितल्याशिवाय मला नेमकं काय हवंय ते कळायचं नाही.

माझं माहेर निवसर स्टेशनच्या जवळ. आमच्या घराच्या वरच्या अंगाला डोंगर फोडून कोकण रेल्वेची कटिंग काढत होते तेव्हा मी बालवाडीत होते. सुरुंग उडवायच्या आधी शिट्टी व्हायची, आई चुलीवरच्या भांड्यावर झाकण ठेवायची आणि मग मांडणीवरच्या ताटल्या खणखणायच्या. बाबा त्या कामावर मजुरांचे मुकादम होते. पुढे मी दुसरीत असताना एका रात्री जेवताना ते आईला म्हणाले, "उद्या वाघिणी येणार." मी रात्रभर आईला चिकटून जागी. सकाळी बाबा मला खांद्यावर घेऊन भरावावर गेले. लाल मातीत नवेकोरे रूळ, त्यावरून एक डिझेल इंजिन अगदी सावकाश येत होतं आणि त्याच्यामागे खडीने भरलेल्या पाच उघड्या वाघिणी, म्हणजे मालाचे डबे. एक माणूस हिरवा बावटा धरून पुढे चालत होता आणि गाडी त्याच्या चालीने येत होती. बाबांनी त्याला हाक मारली, त्याने बावटा हलवला.

२६ जानेवारी १९९८ ला अख्खा मार्ग सुरू झाला तेव्हा मी चौथीत होते. त्यानंतर कोकणकन्या, मांडवी, दिवा पॅसेंजर, सगळ्यांनी प्रवास केला. पण डोळ्यांसमोर येते ती तीच पहिली गाडी.

आता सासर मालगुंडला, समुद्र चालत पाच मिनिटांवर. गेल्या वर्षापासून बाबा आमच्याकडे आहेत. गुडघे गेलेत, मागच्या पडवीत बाकावर बसून असतात. त्यांच्या समोर, आगरात, मला गाडी फिरवायची आहे. जागा ३८ फूट बाय २२ फूट. मधे पाच माड, कडेने पोफळी, एका कोपऱ्यात विहीर. जमीन समुद्राकडे उतरती, या टोकापासून त्या टोकापर्यंत दीड फुटाचा फरक. पावसात तिथून ओहोळ वाहतो.

मुलासाठी आणलेली टेबलावरची गाडी डिसेंबरमध्ये बाहेर मांडून पाहिली. आठवड्यात रूळ काळे पडले आणि चाकांत लाल धूळ. तर कोणत्या मापाची गाडी घ्यावी? वीज रूळांतून द्यायची की कशी? कोकण रेल्वेच्या पानवलच्या उंच पुलासारखा पूल आणि एक बोगदा जमेल का? आणि मुख्य म्हणजे जून ते सप्टेंबर हे सगळं जागेवर राहील का? पैसे फार नाहीत, पण हाताने करायची तयारी आहे. नवऱ्याकडे ड्रिल आणि हॅकसॉ आहे.

रेवदंडा४५

ताई, माझ्या अंगणात सात वर्षं गाडी फिरतेय. घर खाडीच्या तोंडाशी, त्यामुळे खाऱ्या हवेच्या बाबतीत आपण सारखेच.

टेबलावरच्या गाडीच्या रूळांत साडेसोळा मिलिमीटरचं अंतर असतं. तिथे मातीचा एक खडाही धोंड्यासारखा. बाहेरसाठी ४५ मिमीचा रूळ घ्या. जर्मनीच्या लेहमान कंपनीने १९६८ मध्ये एलजीबी या नावाने अंगणातल्या गाड्या काढल्या त्या याच मापावर, १:२२.५ प्रमाणात, म्हणजे मीटरगेजच्या हिशोबाने. आपला ब्रॉडगेज, म्हणजे दोन रूळांतलं अंतर, १६७६ मिमी. त्याला ४५ ने भागा, ३७ येतात. तुमची गाडी खरी दिसायला हवी असेल तर प्रमाण १:३७, आणि ती आयती मिळणार नाही. डबे स्वतःच करायचे.

आता याच ३७ ने कोकण रेल्वे मोजून पाहा. पानवलचा पूल ६४ मीटर उंच, म्हणजे आगरात पावणेदोन मीटर, गाडी तुमच्या डोक्यावरून जाईल. लांबी ४२४ मीटर, म्हणजे साडेअकरा मीटर, नेमकी तुमची ३८ फुटांची जागा. करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटर, तो पावणेदोनशे मीटर होतो. वळण मात्र खरी अडचण. त्या मार्गावर १२५० मीटरपेक्षा कमी त्रिज्येचं वळण घेतलेलं नाही. ३७ ने भागलं तरी ३४ मीटर! तुम्हाला सव्वा मीटरची त्रिज्या मिळाली तरी पुष्कळ. जुना निळा आयसीएफ (चेन्नईच्या कारखान्यातला) प्रवासी डबा १:३७ ला ५८ सेंटिमीटर लांब होतो, आणि एवढ्या घट्ट वळणावर त्याचं पोट आत आणि कोपरे बाहेर येतात. बोगद्याच्या तोंडाला घासणारच.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो: कोकणकन्या करूच नका. तुम्ही जी पाहिलीत तीच करा. चारचाकी उघडी वाघीण एका वितीएवढी होते, ती सव्वा मीटरच्या वळणावर छान वळते. एक इंजिन, पाच वाघिणी, चालत्या माणसाचा वेग. तुमच्या जागेला शोभेल अशी गाडी तुमच्या आठवणीत आधीपासूनच आहे.

विजेचं. मी आधी पितळी रूळ घालून त्यातून वीज दिली होती. पहिला हिवाळा सुरेख गेला. जूननंतर प्रत्येक सांध्यात हिरवा गंज. विहिरीकडच्या टोकाला इंजिन पोचलं की थांबायचं, कारण तिथवर वीज जायचीच नाही. रोज सकाळी गुडघ्यावर बसून रूळ घासायचे आणि दुपारी परत तेच. दोन पावसाळे काढले आणि तारा उपटून टाकल्या. आता गाडीतच बॅटरी: चार लिथियम सेल एकामागे एक जोडून १४.८ व्होल्ट, सोबत संरक्षण सर्किट (ते वगळू नका, लिथियमशी खेळ नको), आणि रेडिओ रिमोट. तुमच्याकडे वाघिणी आहेतच. पहिल्या वाघिणीत तळाला बॅटरी, वर पातळ फळी, फळीवर खडी. कुणाला दिसणारही नाही. मे महिन्यात मात्र गाडी उन्हात ठेवायची नाही.

रूळांतून वीज जात नसेल तर रूळ कशाचाही चालतो. सरकत्या खिडक्या करणाऱ्याकडून १० बाय ३ मिमीची अॅल्युमिनियमची पट्टी आणा. काळ्या एचडीपीई प्लास्टिकच्या कांड्या कापून त्यांचे स्लीपर करा, हॅकसॉने दोन खाचा पाडा आणि पट्ट्या उभ्या बसवा. साधं पीव्हीसी उन्हाने तडकतं. अॅल्युमिनियममध्ये लोखंडी स्क्रू मुळीच मारू नका, खाऱ्या दमटपणात भोकाभोवती पांढरी भुकटी होते आणि पट्टी कुरतडली जाते.

माडाखाली

बाये, तुझा वाचून बरा वाटला. एकच सांगतंय. माडाच्या बुडात रूळ घालू नको. सुको नारळ पडलो काय इंजिनाचो चुरो जातलो, आणि चुडत पडला तर अख्खो पूल घेवन जातला. पाडेल्याक बोलावन नारळ वेळेर पाडून घे. पावसात कुर्ले खडीत बिळां करतत, ता पण बघ.

नेरळची वाट

घट्ट वळणच करायचं असेल तर माथेरानची गाडी का करत नाही? १९०७ पासूनची, दोन फुटी, म्हणजे ६१० मिमी गेज. ३२ मिमीच्या रूळावर १:१९ प्रमाणात ती बरोबर बसते. चढ १:२० पर्यंतचा आहे, तुमच्या उतरत्या जमिनीला आयताच.

पी-वे चिपळूण

एकतीस वर्षं रूळाच्या देखभालीत काढली. गाडीतलं मला फार कळत नाही, रूळाखालचं सांगतो.

ताई, तुमचं ३८ फुटांत दीड फूट म्हणजे १:२५ चा उतार. कोकण रेल्वेवर १:१५० पेक्षा जास्त चढ दिलेला नाही. खेळण्याला १:५० चालेल. म्हणजे जमिनीबरोबर रूळ नेता येणार नाही. वरच्या टोकाला माती खोदून रूळ खाली घ्यावा लागेल आणि समुद्राकडच्या टोकाला भराव करून वर उचलावा लागेल. थोडक्यात, तुमच्या बाबांना वरच्या अंगाला पुन्हा एकदा कटिंग काढायची आहे.

कटिंगचा शत्रू पाणी. वरच्या बाजूला, कटिंगच्या कडेपासून हातभर लांब, आधी चर खणा म्हणजे येणारं पाणी तिथेच वळेल. कटिंगमध्ये रूळाच्या दोन्ही बाजूंना गटार हवंच. खालच्या टोकाला मातीचा भराव नको, पहिल्या मोठ्या सरीत जाईल. तिथे जांभ्या चिऱ्यांचा गडगा घाला, बिनसिमेंटचा, आणि गडग्याच्या माथ्यावरून रूळ न्या. सलग काँक्रीट घालाल तर तो बांध होईल आणि अर्ध्या आगरात पाणी तुंबेल. दर चार फुटांवर पाणी जायला एक मोरी सोडा.

पूल हवा तर जिथे ओहोळ खरोखर वाहतो तिथेच बांधा, दुसरीकडे नको. दीड फूट उंची पुरे. खांब अंतराअंतरावर ठेवा, झावळीचा कचरा अडकायला नको.

खडी क्रशरची, ६ मिमीची, धुवून घ्या. भुकटी राहिली की पहिल्या पावसात थर बसतो आणि पाणी मुरत नाही. पुळणीवरची गोल खडी किंवा रेती आणू नका. गोल दगड घसरतो, कोनेरी दगड एकमेकांत अडकून रूळ धरतो. शिवाय समुद्रातलं मीठ फुकट घरी येतं.

सांध्यात फट ठेवा. सहा मीटरची अॅल्युमिनियमची पट्टी ३० अंशांच्या फरकाने चार मिलिमीटर वाढते, पोलादाच्या दुप्पट. थंडीच्या पहाटे सांधे घट्ट बसवलेत तर एप्रिलच्या दुपारी रूळ सापासारखा वाकलेला दिसेल. हे मी खऱ्या रूळावर पाहिलंय.

आणि घाई करू नका. मे महिन्यात फक्त कटिंग, चर आणि गडगा करा. रूळ घालू नका. एक पूर्ण पावसाळा नुसता बघा, पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, गडगा कुठे बसतो. तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो तुमच्याकडे, तोच तुमचा इंजिनिअर. रूळ दसऱ्यानंतर.

निवसरची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी पडवीत बसून बाबांना एकेक उत्तर वाचून दाखवलं. नेरळची वाट, माथेरानची गाडी मलाही फार आवडते, पण ती आमच्या कटिंगमधून आलेली नाही.

रेवदंडा४५, तुमचा तो पाच वाघिणींचा परिच्छेद बाबांनी दोनदा वाचायला लावला. खडीखाली बॅटरी ठेवायची कल्पना त्यांना पटली, पण खडी नुसती पातळ थराची नको, वर शिगेसारखी चढलेली हवी, असं म्हणाले. मी म्हटलं, वजन? तर म्हणे, बाकीच्या चारांत मधे थर्माकोल घाल.

पी-वे काका, तुमचं कटिंगचं वाक्य ऐकलं आणि बाबा काठी घेऊन उठले. गेल्या पावसाळ्यानंतर ते पायरी उतरून आगरात गेले नव्हते. मला वरच्या कोपऱ्यात दोन कळश्या पाणी ओतायला लावलं आणि पाणी कसं जातं ते बघत उभे राहिले. मी पूल विहिरीजवळ धरला होता, कारण तिथे तो पडवीतून छान दिसला असता. पाणी तिथे गेलंच नाही. दुसऱ्या माडाच्या पलीकडून वळलं. पूल आता तिकडे. माडापासून किती लांब ठेवायचा यावरून थोडा वाद झाला, तेव्हा त्यांना माडाखाली यांचं उत्तर परत वाचून दाखवलं. पाडेकऱ्याला निरोप दिलाय.

मग खराट्याचे हीर खोचून आणि चुन्याची फक्की टाकून मार्ग आखला. वळण सव्वा मीटरच्या जागी एक मीटर चाळीस बसतंय, एकही पोफळ तोडावी लागली नाही हे बरं झालं. बोगदा सध्या सोडलाय. बाबांचं म्हणणं, तेव्हा बोगदा झालाच नव्हता, वाघिणी उजेडातच आल्या होत्या.

एक गोष्ट मात्र ते सोडायला तयार नाहीत. पुढे चालणारा बावटेवाला हवा. रूळाच्या मधोमध, गाडीच्या आधी, तिच्याच वेगाने. मला सुचलं ते असं की इंजिनाच्या पुढून एक बारीक तार काढायची आणि तिच्या टोकाला छोट्या चाकांवर माणूस उभा करायचा, १:३७ ला साडेचार सेंटिमीटरचा. कुणी असं काही केलंय का? वळणावर तो रूळाबाहेर जाणार नाही ना? आणि रेवदंडा४५, वाघिणींची चाकं तुम्ही तयार घेतलीत की लेथवर करून घेतलीत, तेवढं कळवा. गडग्याचे चिरे रविवारी येतायत.