माळावर झाडे लावावीत की गवत राखावे?

प्रश्न (माण, जि. सातारा)
गावाच्या पूर्वेला आमचे गायरान आहे. येत्या पावसाळ्यात तिथे गिरिपुष्प आणि निलगिरीची रोपे लावण्याचा विषय ग्रामसभेपुढे येणार आहे. गेल्या जूनमध्ये त्याच माळावर समतल चर खोदले जात असताना गवताच्या ठोंबाआड वाटीएवढे घरटे मला दिसले. काठाला बारीक खडे मांडलेले होते आणि आत दोन ठिपकेदार अंडी होती. दुसऱ्या दिवशी तिथे मातीचा ढीग पडलेला होता. तेव्हापासून मन स्वस्थ नाही, परंतु झाडांना विरोध कसा करावा, हेही कळत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (आटपाडी, जि. सांगली)
आपल्या वर्णनावरून ते घरटे डोंबारी या चंडोलाचे असावे. आकाशात उंच जाऊन कोलांट्या घेतल्यासारखा खाली झेपावणारा हा पक्षी झाडावर नव्हे, जमिनीवरच संसार मांडतो. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या आपल्या माणदेशात, जिथे मुरमावर वीतभरही माती नसते, तिथे कुसळी, पवना, मारवेल ही गवते आणि मधूनच एखादी बोर किंवा हिवर हीच मूळची वनश्री आहे. सरकारी दप्तरात ‘पडीक’ अशी नोंद असली, तरी माळरान म्हणजे उजाड झालेले जंगल नव्हे. लांडगा आणि खोकड याच माळात बिळे करून पिल्ले वाढवतात. हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे भोवत्या हे शिकारी पक्षी दिवसभर नाकतोडे टिपतात आणि रात्री गवतातच जमिनीवर मुक्काम करतात. तिथे दाट लागवड झाली, तर या जिवांना जायला दुसरी जागा उरत नाही. झाडे अवश्य लावावीत, पण ती ओढ्याकाठी, बांधावर, शाळेच्या आवारात लावावीत.

उत्तर (खटाव, जि. सातारा)
आमच्या घरी तीन पिढ्या मेंढरे आहेत. मूळच्या मध्य अमेरिकेतल्या त्या गिरिपुष्पाला आमची मेंढरे तोंड लावत नाहीत आणि त्याच्या सावलीत गवतही धरत नाही, म्हणजे चराई दोन्हीकडून गेली. लांडग्याने आमची कोकरे नेली आहेत, ते दुःख मी लपवत नाही. मात्र अशा वेळी वनखात्याला ताबडतोब कळवून पंचनामा करून घेतला, तर भरपाई मिळू शकते. माझी कळकळीची विनंती अशी, की उन्हाळ्यात माळ पेटवू नये. जाळल्यावर गवत जोमाने येते, असे आमचे जुने लोकही म्हणत. पण त्या आगीत घोरपडी, ससे आणि जमिनीवरची अंडी जळून जातात.

उत्तर (सांगली)
जैवविविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची असते. आपल्या माळावरची गवते, पक्षी आणि प्राणी त्या नोंदवहीत स्थानिक नावांसह नोंदवून घ्यावेत. ग्रामसभेत तोंडी बोलण्यापेक्षा त्या नोंदीला वजन राहील. लांडग्याची बिळे नेमकी कुठे आहेत, हे मात्र चारचौघांत सांगू नये.

प्रश्नकर्ता
सर्वांचे मनःपूर्वक आभार. समिती कागदावर आहे, नोंदवही कोरी आहे. रविवारी दोन मेंढपाळांना आणि आठवीच्या मुलांना घेऊन माळावर जाणार आहे. गवतांपासून सुरुवात करू.